घराजवळची गादी

ही द्वारका कृष्णाची नव्हे. दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या पलीकडे, दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे डीडीएने, पापनकलांच्या शिवारात आखलेली ही वसाहत. पत्ता सांगायचा तर सेक्टर, पॉकेट, प्लॉट नंबर आणि सोसायटीचं नाव, एवढ्यात माणूस सापडतो. बदलीवर आलेली, सैन्यात किंवा विमानतळावर असलेली, रोज गुरुग्रामला कामाला जाणारी मराठी कुटुंबं इथे आहेत. अशा घरातल्या कुणाला जुजुत्सू किंवा आयकिदो शिकावंसं वाटलं, की पहिला प्रश्न येतो, 'यातलं चांगलं कोणतं?' आणि लगेच दुसरा, 'दिल्लीत सगळ्यात मोठे गुरू कोण?' प्रश्न साहजिक आहेत, पण ते आधी विचारले की शोध हमखास भरकटतो. माझ्या मते पहिला प्रश्न असा असायला हवा: आठवड्यातून तीनदा, ऑफिसातून दमून आल्यावरही, पाय जाईल असा वर्ग कुठे आहे? आणि दुसरा: तिथे पडायला कसं शिकवतात? कलेचं नाव आणि गुरूचा पट्टा यांचा नंबर त्यानंतर.

अंतराला एवढं महत्त्व का, हे आयकिदोच्याच हिशेबातून कळतं. टोकियोतली आयकिकाई ही या कलेची मूळ संस्था. तिच्या परीक्षांच्या नियमांत दोन पायऱ्यांमधलं अंतर मोजतात ते सरावाच्या दिवसांत. पाचव्या क्यूसाठी, म्हणजे नवख्याच्या पहिल्या पायरीसाठी, किमान 30 दिवस, चौथ्यासाठी पुढचे 40, मग 50, पुन्हा 50, मग 60, आणि काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीसाठी, म्हणजे शोदानसाठी, आणखी 70. बेरीज 300. फी भरून घरी बसलेले महिने यात धरत नाहीत. आठवड्याला तीन वर्ग नेमाने केले तर हे दिवस दोन वर्षांत भरतात; एकच वर्ग जमला तर सहा वर्षं लागतात, आणि सहा वर्षांत दिल्लीतल्या नोकरदाराची एक तरी बदली होते. आता द्वारकेचा नकाशा आठवा. ब्लू लाइन 2005 च्या अखेरीस इथे पोचली आणि मध्य दिल्ली जवळ आली खरी. तरी सेक्टर 10 हून राजीव चौक गाठायला पाऊण तास धरावाच लागतो, वर दोन्हीकडची रिक्षा आणि चालणं. दीड तासाच्या वर्गासाठी चार तासांची संध्याकाळ. पहिले तीन आठवडे उत्साहात जातात, चौथ्या आठवड्यात मुलाची परीक्षा निघते, नोव्हेंबरात धुरक्याने डोळे चुरचुरायला लागतात, जानेवारीत धुकं, आणि गणवेश कपाटाच्या वरच्या खणात जातो. सेक्टरातल्या सेक्टरात, चालत किंवा ई-रिक्षाने गाठता येणाऱ्या वर्गाचं असं सहसा होत नाही. 'मग जवळचा म्हणून वाईट शिक्षक पत्करायचा का?' असं कुणी विचारेल. मुळीच नाही. अंतर ही पहिली चाळण आहे. जवळचा वर्ग पुढच्या कसोट्यांत नापास झाला तर वर्तुळ वाढवावं: आधी शेजारचे सेक्टर, मग पालम, जनकपुरी, गुरुग्राम. पण सुरुवात दूरच्या टोकाने करू नये.

कोणती कला, या प्रश्नाचा धाक कमी व्हावा म्हणून यांची भावकी थोडी समजून घेतलेली बरी. 'जू' म्हणजे मृदू, नमतं घेणारं. 'जुत्सू' म्हणजे विद्या. सामुराईंच्या काळातल्या निःशस्त्र झटापटीच्या अनेक घराण्यांचं हे एकत्रित नाव. जिगोरो कानो या शिक्षकाने 1882 साली टोकियोच्या एका देवळात काही शिष्यांना घेऊन या घराण्यांमधलं निवडक एकत्र केलं, त्याचा ज्युदो झाला, आणि 1964 साली तो ऑलिंपिकमध्ये गेला. कानोंच्याच परंपरेतले मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडून ग्रेसी घराण्याने जे उचललं आणि जमिनीवरच्या झटापटीत वाढवलं, ते ब्राझिलियन जिउ-जित्सू. दुसऱ्या फांदीवर मोरिहेई उएशिबा. 1915 च्या सुमारास होक्काइदोत सोकाकु ताकेदा यांच्याकडे ते दाइतो-र्यू जुजुत्सू शिकले, आणि त्यातून घडवलेल्या पद्धतीला 1942 पासून आयकिदो हे नाव स्थिरावलं. म्हणजे फलकावर काहीही लिहिलेलं असो, मूळ एकच: समोरच्याचा तोल हलवा, मग त्याचं वजन त्याच्यावरच उलटवा. कोल्हापूरच्या तालमीतल्या पोराला ज्युदोतला सेओई-नागे दाखवला तर तो म्हणेल, ही तर आमची धोबीपछाड. आयकिदोत मनगट आणि कोपर यांचे डाव जास्त, ब्राझिलियन पद्धतीत जमिनीवरचं आवळणं जास्त, ज्युदोत उभ्याने फेकणं जास्त. नवख्याच्या पहिल्या वर्षात हा फरक त्याला वाटतो तेवढा मोठा नसतो, कारण पहिलं वर्ष बहुतेक पडण्यातच जातं.

आणि पडणं ही मी मानतो ती सगळ्यात मोठी कसोटी. चांगल्या वर्गात नवा माणूस आला की त्याला कोपऱ्यात घेऊन आधी उकेमी, म्हणजे पडायची रीत, शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, कण्याचा पाळणा करायचा आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात तिरके, तळव्यांसकट, गादीवर सपकन मारायचे. नजर गाठीवर असली की मान आपोआप आत राहते आणि डोक्याचा मागचा भाग आपटत नाही. हे बसून, मग उकिडवं, मग उभ्याने, शेकडो वेळा. कंटाळवाणं आहे, आणि पोरांना पहिल्याच दिवशी डाव मारून दाखवणारा शिक्षक पालकांना जास्त आवडतो, हीच तर अडचण. जपानचा अनुभव इथे डोळ्यांपुढे ठेवावा. तिथल्या शाळांमध्ये 1983 पासूनच्या तीनेक दशकांत ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक मुलं दगावली. बऱ्याच जणांना डोक्याला मार बसला होता, आणि त्यांत शिकायला लागून वर्षही न झालेली मुलं पुष्कळ होती. ओसोतो-गारी, म्हणजे समोरच्याचा पाय मागून कापून त्याला सरळ पाठीवर पाडायचा डाव, त्यात वारंवार आढळला. नागोयातल्या एका संशोधकाने ही आकडेवारी उजेडात आणली आणि 2012 पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या तेव्हा मोठा गदारोळ उठला. काळजी वाढली तसे मृत्यूही झपाट्याने घटले. फ्रान्समध्ये ज्युदो खेळणारे जपानहून जास्त, पण तिथे असं सत्र घडल्याचं ऐकिवात नाही. तिथे पैसे घेऊन ज्युदो शिकवायचा तर 1950 च्या दशकापासून सरकारी पदविका लागते.

आपल्याकडे असा परवाना कुणी मागत नाही. सोसायटीच्या क्लबहाउसात, बाजाराच्या तळघरात, शाळेच्या सभागृहात 'मार्शल आर्ट्स'चा फलक कुणीही लावू शकतो, म्हणून तपासणी ग्राहकालाच करावी लागते. तीही फार अवघड नाही. गादीकडे पाहा. फेकण्याच्या सरावाला चार सेंटिमीटर जाडीची, एक मीटर बाय दोन मीटरची घट्ट ज्युदो-मॅट लागते. मुलांच्या खेळण्यांसारख्या एकमेकांत अडकवायच्या पातळ फोमच्या लाद्या टाइल्सवर पसरून जर कुणी माणसं फेकत असेल, तर तिथून उठावं. मग 'टॅप'कडे पाहा. हात मुरगळला किंवा गळा आवळला गेला, की खालचा माणूस गादीवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा थोपटतो. याचा अर्थ, पुरे, सोड. थोपटल्याक्षणी पकड सुटते का, की वरचा एक क्षण जास्त धरून हसतो, आणि तसं झालं तर शिक्षक काय करतो? अर्धा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे पाहिलं की वर्गाचा स्वभाव कळतो, फलक आणि ट्रॉफ्या कितीही वाचल्या तरी तो कळत नाही. आणखी एक: नखं कापलेली आहेत का, गादी रोज पुसतात का. घामट गादी म्हणजे गजकर्णाला आमंत्रण, आणि दिल्लीच्या मे-जूनमध्ये जाड गणवेशात ते लवकर पसरतं. ज्या वर्गात शिक्षक तुम्हाला बसून पाहू देत नाही, किंवा वर्षाची फी आधी भरा म्हणतो, तिथे मी तरी दुसऱ्यांदा जाणार नाही.

'पण आयकिदो म्हणजे ठरवून केलेला नाच. खऱ्या मारामारीत त्याचा उपयोग काय?' हा आक्षेप हटकून येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बहुतेक आयकिदो-वर्गांत सामने नसतात; हल्ला करणारा ठरलेला, उत्तर ठरलेलं, आणि पडणारा बऱ्याचदा मदत म्हणून पडतो. कानोंचं म्हणणं मला इथे पटतं. जुन्या जुजुत्सूतले बोटं मोडायचे, डोळ्यांत खुपसायचे डाव इतके घातक होते की ते जोडीदारावर खरे घोटताच येत नसत. नुसते दाखवता येत. कानोंनी ते बाजूला काढले आणि जे उरले ते पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर घोटायला लावले. घातक डाव कमी आणि सराव खरा, असा तो सौदा होता. आपल्या लाल मातीतली कुस्तीही त्याच सौद्यावर उभी आहे. आयकिदोतही हे कुणाला सुचलं नाही असं नाही: केंजी तोमिकी हे कानो आणि उएशिबा दोघांचे शिष्य, त्यांनी सामन्यांसह आयकिदोची वेगळी शाखा काढली. तेव्हा आक्षेपाचं उत्तर कलेच्या नावात शोधू नये, वर्गात शोधावं. सहा महिने झालेल्या विद्यार्थ्याचा जोडीदार त्याला थोडा तरी विरोध करतो का? पकड सैल असेल तर डाव फसतो का? फसू देतात का? ज्या आयकिदो-वर्गात फसू देतात तो वर्ग, ज्या जिउ-जित्सूच्या वर्गात सगळं चित्रफितीसाठी चालतं त्याहून चांगला. आणि ज्याला मारामारीत रस नाही, ज्याला पन्नाशीनंतर न घाबरता पडता-उठता यावं एवढंच हवंय, त्याच्यासाठी तर आयकिदोचं गोल लोळण घेणं हाच मोठा नफा आहे. युद्धकलेतल्या पडण्याच्या तंत्राने खुब्यावर बसणारा मार कमी होतो, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत मोजून दाखवलेलं आहे.

पट्टा आणि प्रमाणपत्र यांना मी शेवटचा नंबर दिला, याचा अर्थ ते पाहूच नयेत असा नाही. काळ्या पट्ट्याच्या दर्जांची, म्हणजे दानची, पद्धत कानोंनी 1883 मध्ये आपल्या दोन शिष्यांपासून सुरू केली. तेव्हापासून प्रत्येक संघटना आपापला पट्टा देत आली आहे आणि संघटना फुटत आल्या आहेत. उएशिबांच्याच शिष्यांनी योशिनकान, की सोसायटी अशा स्वतंत्र चुली मांडल्या. म्हणून 'आंतरराष्ट्रीय ब्लॅक बेल्ट' या शब्दांना अर्थ नाही. कुणाचा, एवढं विचारावं. आयकिकाईचा शोदान असेल तर त्याची टोकियोत नोंद असते, ती विचारता येते. ज्युदोच्या शिक्षकाकडे पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असेल तर उत्तमच. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मुख्य आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत सोळाव्या वर्षाआधी निळा पट्टाही मिळत नाही आणि एकोणिसाव्या वर्षाआधी काळा नाही. तेव्हा बारा वर्षांच्या मुलाला तीन वर्षांत ब्लॅक बेल्ट, असं आश्वासन कुणी दिलं तर ते कोणत्या दुकानातलं आहे ते ओळखावं. बदलीच्या नोकरीत मात्र मान्यताप्राप्त संघटनेचा खरा फायदा असतो. द्वारकेत मिळवलेला दर्जा पुण्यात किंवा बंगळुरूत त्याच संघटनेच्या वर्गात चालतो, पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जवळचे दोन वर्ग सारखेच बरे असतील, तर या कारणाने मी संघटनेचा वर्ग निवडेन.

मुलीसाठी वर्ग शोधणाऱ्या आईबापांचा आक्षेप वेगळा असतो, आणि द्वारकेत त्याला एक जखम आहे. 16 डिसेंबर 2012 च्या रात्री ज्या बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला, तिच्यात मुनिरक्याला चढलेल्या दोघांना द्वारकेकडेच यायचं होतं. आईबाप म्हणतात, 'आम्हाला दोन वर्षं थांबायला वेळ नाही, मुलीला आत्ता स्वतःला वाचवता आलं पाहिजे.' त्यासाठी दिल्ली पोलिसांचे मुलींसाठीचे मोफत आत्मसंरक्षण-वर्ग आहेत, शाळांमधून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा योजनेखाली तीन महिन्यांचं प्रशिक्षण आहे. ते जरूर घ्यावं. आणि छोट्या प्रशिक्षणाने फरक पडतो याला पुरावाही आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींवर झालेला एक प्रयोग 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला: निम्म्या मुलींना माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 9.8 टक्के होतं, दुसऱ्यात 5.2. पण त्या बारा तासांत काय होतं ते पाहा. हाणामारीचा भाग थोडा. मोठा भाग धोका ओळखण्याचा, ओळखीच्या माणसाकडूनही तो येतो हे मानण्याचा, आणि संकोच सोडून मोठ्याने 'नाही' म्हणण्याचा. म्हणजे आत्ताची गरज बारा तासांच्या अशा वर्गाची आहे, आणि गादीवरची दोन वर्षं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे मुलीला रोज कुणीतरी धरतं, दाबतं, पाडतं, आणि ती न गोठता हालचाल करते. पाच वर्षांनी ती कोणता डाव मारेल हे सांगता येत नाही. अंगावर कुणी आलं की शरीर गोठून जाण्याची सवय मात्र सुटत जाते. जो शिक्षक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कबूल करतो, त्याच्यावर मी विश्वास टाकेन.

मुलींनी संकोच सोडण्याचा हा धागा आपल्याकडे नवा नाही. शांतिनिकेतनात जिन्नोसुके सानो हे जपानी शिक्षक 1905 मध्येच जुजुत्सू शिकवायला आले होते. पुढे 1929 मध्ये रवींद्रनाथांनी शिंझो ताकागाकी या नावाजलेल्या ज्युदोपटूला मुद्दाम बोलावून घेतलं, आणि मुलींनीही गादीवर उतरावं असा आग्रह धरला. 1931 मध्ये आश्रमातल्या मुलींनी कलकत्त्याच्या रंगमंचावर प्रात्यक्षिकं केली. त्या काळात हे धाडसच. पण दोनेक वर्षांत ताकागाकी निघून गेले आणि त्यांच्यामागे तो उत्साह तसा टिकला नाही. जगातला एक उत्तम शिक्षक दारात आणला तरी त्याच्यानंतर संध्याकाळी सहा वाजता गादी झाडायला कुणी उरलं नाही तर एवढंच होतं. उलट दिल्लीतल्याच छत्रसाल स्टेडियममधल्या कुस्तीकडे पाहा: तिथे रोजचा सराव पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला म्हणून रवी दहियाचं टोकियोतलं रौप्य आणि अमन सहरावतचं पॅरिसमधलं कांस्य एकाच आखाड्यातून निघालं. कुणी म्हणेल, मग नजफगडकडचे आखाडे द्वारकेच्या उशाशी असताना जपानी सोंगं कशाला? म्हणणं रास्त आहे. ज्याचं पोर दहा वर्षांचं आहे, पहाटे चारला उठायची तयारी आहे, त्याने आखाडाच गाठावा. पण आखाड्याचा दिवस पूर्णवेळ पैलवानाच्या मापाने बेतलेला असतो. चाळिशीतल्या, चष्मा लावणाऱ्या लेखा अधिकाऱ्याला वस्ताद प्रेमाने बदाम देतील, जोडीदार देणार नाहीत. ज्युदो-आयकिदोची गादी त्याला पांढरा पट्टा बांधून रांगेत उभं करते, एवढा तिचा उपकार.

राहुल गांधींनी 29 ऑगस्ट 2024 ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, भारत जोडो न्याय यात्रेच्या मुक्कामावर मुलांसोबत केलेल्या जिउ-जित्सूच्या सरावाची चित्रफीत टाकली आणि 'भारत डोजो यात्रा' असा शब्दही काढला. राजकारण बाजूला ठेवलं तर त्यातली एक गोष्ट कामाची होती: तंबूच्या गावात, दिवसभराच्या प्रवासानंतर, जिथे जागा मिळेल तिथे वर्ग भरत होता. द्वारकेत हेच करता येतं. सेक्टर 11 च्या डीडीए क्रीडा संकुलात आणि आसपासच्या शाळांमध्ये चौकशी करूनही मनासारखा वर्ग मिळाला नाही, तर आठ-दहा माणसं जमवून सोसायटीच्या व्यवस्थापन समितीकडे क्लबहाउस मागावं, आणि दिल्लीतल्या एखाद्या भरवशाच्या शिक्षकाला आठवड्यातून दोन संध्याकाळी येण्याची विनंती करावी. एका माणसाने चार तास घालवण्याऐवजी शिक्षकाचा प्रवासखर्च दहा जणांत वाटून घ्यावा. चोवीस मॅट म्हणजे 48 चौरस मीटर, चार-पाच जोड्यांना पुरतात. वर्ग संपला की भिंतीला लावून ठेवता येतात, दुसऱ्या दिवशी तिथे बारसं होऊ शकतं. समिती परवानगी देताना एकच गोष्ट विचारेल, आवाजाची, आणि ती शंका खरी असते: दहा माणसं एकदम पाठीवर पडून हात आपटायला लागली की वरच्या मजल्यावरचा हॉल खालच्यांना ढोलासारखा ऐकू येतो. म्हणून अर्जातच तळमजल्याची खोली मागावी, आणि वेळ रात्री साडेआठच्या आधीची.